दुपारी गोळी वर, उन्हाळ्यात रायफलचा बोल्ट घट्ट: दोष काडतुसातल्या पावडरच्या तापमानाचाच आहे का, हे कसं शोधायचं

तक्रार तीच असते, माणसं तेवढी बदलतात. सकाळी सातला रेंजवर झिरो केलेली, म्हणजे साइट जुळवून गोळी मध्यावर आणलेली रायफल दुपारी दोनला वर मारते. मग आपण साइट चार क्लिक खाली घेतो, खूश होऊन घरी येतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पाच गोळ्या मध्याच्या खाली. परत चार क्लिक वर. दोन हिवाळे मी हा खेळ खेळलो. पॉइंट टू टू, म्हणजे लहान बोअरची रायफल, ५० मीटर, प्रोन, म्हणजे पालथं झोपून. कोल्हापुरात हा विषय काढला की सल्ले द्यायला दहा जण तयार असतात. इथे तेजस्विनी सावंत घडली, २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची जागतिक विजेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्य आणलं. तेव्हापासून तर चहाच्या टपरीवरचा माणूसही श्वास कुठे रोखायचा ते सांगतो. तापमानाबद्दल मात्र एकच वाक्य ऐकायला मिळतं, "उन्हात गोळी वर जातीच." का जाते आणि किती जाते, हे कुणी सांगत नाही.

त्याचं उत्तर मला इथे नाही, भाच्याच्या फोनवर मिळालं. तो टेक्सासमध्ये ऑस्टिनला असतो. पॉइंट थ्री झिरो एटची, म्हणजे मोठ्या बोअरची रायफल आहे आणि काडतुसं तो घरी स्वतः भरतो, तिकडे ते चालतं. आपल्याकडे चालत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. त्यामुळे खाली रीलोडिंगबद्दल जे लिहिलंय ते जिथे परवानगी आहे तिथल्या आपल्या माणसांसाठी. इथल्यांनी त्यातलं तापमानाचं गणित तेवढं घ्यावं.

ऑगस्टमध्ये त्याचा रेंजवरून फोन आला.

"मामा, बोल्ट उचलंना झालाय. तिसरी मारली आणि बसलाच. रबरी हातोडी हाय, मारू का?"

"हातोडी ठेव बाजूला. नळी टार्गेटकडंच ठेव आणि थांब जरा. डब्यात किती राहिल्यात?"

"सत्तेचाळीस."

"त्यातली एकपण मारू नकोस."

दहा मिनिटांनी रायफल निवल्यावर तळहाताच्या जोरानं बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा हातानं उघडायचा अडसर, उघडला. रिकाम्या केसचा, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याचा फोटो त्यानं पाठवला, तो मी मोठा करून बघितला. बुडाशी प्रायमर असतो, पावडर पेटवणारी टिकली; नव्या प्रायमरच्या कडा गोल असतात, त्याच्या भोवती बारीक खाच दिसते. इथे खाच जवळजवळ बुजली होती, प्रायमर भाकरीसारखा थापला गेला होता. फायरिंग पिनच्या खड्ड्याभोवती धातूची कडा उभी राहिली होती. आणि केसच्या बुडावर, छापलेल्या अक्षरांच्या बाजूला, एक चकचकीत अर्धचंद्र होता. तो इजेक्टरच्या, म्हणजे रिकामी केस बाहेर फेकणाऱ्या खिळीच्या भोकाचा ठसा. पितळ त्या भोकात घुसेपर्यंत मागं दाबलं गेलं होतं. एकट्या चपट्या प्रायमरवर मी विश्वास ठेवत नाही, मऊ प्रायमर साध्या लोडलाही, म्हणजे पावडरच्या साध्या भरणीलाही चपटे होतात. पण चपटा प्रायमर, चकचकीत ठसा आणि जड बोल्ट हे तिन्ही एकत्र आले की दाब हद्दीबाहेर गेलाय, यात शंका ठेवू नये.

त्याचं म्हणणं एकच होतं. "मामा, जानेवारीत हाच लोड लोण्यासारखा चालला. तीच पावडर, तेवढंच वजन, तोच प्रायमर, तीच बुलेट." खरं होतं ते. फक्त जानेवारीतल्या त्या सकाळी तिकडे ४० फॅरनहाइट होतं, म्हणजे साडेचार सेल्सिअस. ऑगस्टच्या त्या दुपारी १००, म्हणजे ३८. आणि जानेवारीत बोल्ट हलका चालतोय म्हणून त्यानं पावडर वाढवत वाढवत काडतुसं भरायच्या मॅन्युअलमधल्या कमाल आकड्याला नेऊन टेकवली होती. मॅन्युअलचे आकडे प्रयोगशाळेत साधारण ७० फॅरनहाइटला, म्हणजे २१ सेल्सिअसला काढलेले असतात. थंडीत त्या आकड्यावर दाब कमी भासतो, आणि फसायला होतं ते तिथेच.

असं का होतं?

आमच्या गावाकडे गुऱ्हाळ होतं. चुलवाणात चिपाड टाकायला लहानपणी मला बसवायचे. सकाळचं गारठलेलं चिपाड टाकलं की आधी ते नुसतं धुमसायचं, मग पेटायचं. दुपारी उन्हात तापलेलं टाकलं की आत पडायच्या आधीच भडका, आणि काहीलीतला रस उतू जायला बघायचा. गुळव्या ओरडायचा. चिपाड तेच, ओझंही तेवढंच. पेट घ्यायला लागणारी उष्णता त्यानं उन्हातून आधीच घेतलेली असते, एवढाच फरक.

धूरविरहित पावडरचं तसंच आहे. ती नायट्रोसेल्युलोजची असते, डबल बेस असेल तर त्यात नायट्रोग्लिसरीनही. दाणा पृष्ठभागावरून आत जळत जातो. दाणा मुळात गरम असेल तर पुढचा थर पेटण्याच्या तापमानाला लवकर पोचतो, म्हणजे जळण्याचा वेग वाढतो. गॅस लवकर तयार झाला की दाब चढतो, आणि दाब चढला की पावडर आणखी जोरात जळते. एकानं दुसऱ्याला ढकलायचं. म्हणून वेग तीन टक्के वाढला तर दाबही तीनच टक्के वाढला, असा हिशोब करू नका. दाब सहा टक्क्यांहून जास्त चढलेला असू शकतो. पॉइंट थ्री झिरो एटची कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय आहे. तिथे आधीच टेकलेल्या लोडला उन्हाळा म्हणजे वरचं ओझं.

हे काही आजचं दुखणं नाही. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधले पेंढा भरलेले शिकारीचे वाघ बघताना मला कायम त्या काळच्या काडतुसांची आठवण होते. ब्रिटिशांच्या पहिल्या कॉर्डाइटमध्ये, म्हणजे त्यांच्या धूरविरहित पावडरमध्ये, ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन होतं. लंडनच्या गारठ्यात नीट चालणारं काडतूस हिंदुस्थानातल्या मे महिन्यात दाब चढवायचं, म्हणून उष्ण देशांसाठी कमी कॉर्डाइट भरलेली वेगळी काडतुसं निघत. १९११ च्या फोर वन सिक्स रिग्बी या शिकारीच्या काडतुसाची केस एवढी ढोली का, तर दाब मुळातच खाली राहावा आणि उन्हाळ्यासाठी जागा शिल्लक राहावी म्हणून.

आधी बाकीचे संशयित

तापमानावर खापर फोडणं सोपं असतं. मीही फोडलं होतं. म्हणून आधी इतर कारणं बाजूला काढा.

घरी भरलेल्या काडतुसात बोल्ट जड झाला, तर पहिल्यांदा केसची लांबी मोजा. चार-पाच वेळा वापरलेली केस लांबते, तिचं तोंड चेंबरच्या पुढच्या कडेला अडकतं, बुलेट सुटत नाही आणि दाब चढतो. मग बघा की केसचा ब्रँड बदललाय का. लष्करी केसचं पितळ बहुतेक वेळा जाड असतं, आत जागा कमी उरते. बुलेट बाहेर बसवली जाऊन नळीच्या आट्यांना, म्हणजे आतल्या पिळाला टेकत नाही ना, हेही पाहा. आणि काटा. इलेक्ट्रॉनिक काटा पंख्याच्या वाऱ्यानं सरकतो, पावडरच्या दर दहा मापांना तपासणीचं वजन ठेवा. भाच्याकडून हे सगळं मी फोनवर करून घेतलं. केस ठीक, काटा ठीक, बुलेट आट्यांपासून लांब. चेंबरमध्ये तेल राहिलं असेल तर ते पुसा. तेलानं केस भिंतीला धरत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो.

पॉइंट टू टूवाल्यांचे संशयित वेगळे. पहिला, उजेड. डायऑप्टरच्या, म्हणजे बारीक भोकाच्या साइटमध्ये ऊन बदललं की पुढच्या रिंगमध्ये टार्गेटचं काळं वर्तुळ वेगळं दिसतं आणि आपण नकळत वेगळीकडे धरतो. दुसरा, मृगजळ. तापलेल्या जमिनीवरून हवा उकळते, टार्गेटची प्रतिमा वर तरंगते आणि आपण त्या तरंगणाऱ्या प्रतिमेला मारतो. तिसरा, बुलेटवरचं मेण. थंडीत ते कडक होतं, त्यामुळे ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा झुबका, वर-खाली सरकण्यापेक्षा पसरतो. ग्रुप घट्ट राहून अख्खाच्या अख्खा वर सरकत असेल तर मेण सोडून द्या.

पावडरच्या तापमानाचा दोष ओळखायची खूण अशी, की तो परत येतो. गार झालं की गोळी खाली, तापलं की वर, दर वेळी त्याच दिशेला. एकदाच झालं आणि पुन्हा झालं नाही, तर स्क्रू ढिला असेल किंवा आपण ढिले असू.

थर्मासची चाचणी

हिला दोन तासांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. एकाच लॉटची, म्हणजे एकाच खेपेत बनलेली वीस काडतुसं घ्या. दहा एका झिपच्या पिशवीत घालून, हवा दाबून काढून, बर्फ घातलेल्या थर्मासच्या गार डब्यात ठेवा. बर्फ थेट लागू देऊ नका, मध्ये टॉवेल घाला. उरलेली दहा सावलीत, रेंजच्या तापमानाला. दोन्हीकडे साधा थर्मामीटर ठेवा, मी आईच्या औषधांच्या गार पिशवीतला घेतला होता. दीड तास हात लावू नका. डबा गार झाला म्हणजे आतली पावडर गार झाली असं नाही, पितळ लवकर बदलतं, आतला दाणा उशिरा.

मारताना आलटून पालटून मारा, एक गार आणि एक रेंजची. सगळी गार आधी मारली तर तोवर नळी तापते आणि फरक कुणामुळे पडला ते कळत नाही. पिशवीतून काढलेलं काडतूस पुसा, त्यावर दव धरतं. चेंबरमध्ये घातल्यावर दहा सेकंदांत गोळी सुटली पाहिजे, नाहीतर गार काडतूस गार राहत नाही. प्रत्येकाचा वेग क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर बघून लिहा. क्रोनोग्राफ उजेडावर चालणारा जुना असेल तर त्यावर सावली धरा. ढग आला की तो खोटं बोलतो. रडारवाला असेल तर ही कटकट नाही. शेवटी दोन सरासरींतला फरक भागिले तापमानातला फरक. हा तुमचा आकडा, तुमच्या रायफलचा आणि तुमच्या लोडचा. नेटवरून दुसऱ्याचा आकडा उचलू नका. तीच पावडर दुसऱ्या केसमध्ये, दुसऱ्या वजनाला वेगळी वागते, आणि तापमान वाढेल तशी सरळ रेषेत वाढते असंही नाही. भाच्यासारखा कमाल लोड असेल तर चाचणी त्या काडतुसांवर करू नका, आधी लोड कमी करून नवी भरा.

भाच्याच्या वहीत जानेवारीचा सरासरी वेग २,६४० फूट प्रति सेकंद होता, ऑगस्टच्या त्या तीन गोळ्यांचा २,७३५. साठ अंश फॅरनहाइटला ९५ फूट, म्हणजे अंशाला दीड फुटाहून जास्त. सेल्सिअसमध्ये बोलायचं तर अंशाला पाऊण-एक मीटर. पण खरी मेख पुढे होती. मी विचारलं, "काडतुसांचा डबा कुठं होता?" गाडीत. वाटेत तो जेवायला थांबला होता, पाऊण तास. उन्हात काचा बंद असलेल्या गाडीत बाहेर ३८ असताना आत सहज ६० होतं. त्यामुळे हवेचे शंभर अंश धरून केलेला तो दीड फुटाचा हिशोबसुद्धा खोटा. पावडरनं शंभर नाही, कितीतरी जास्त पाहिले होते.

गोळी कुठे लागेल ते काढणाऱ्या बॅलिस्टिक ॲपमध्ये तापमान टाकलं म्हणून निवांत राहणाऱ्यांची चूकही हीच. ॲप त्या आकड्यावरून हवेची घनता काढतं. १५ वरून ३८ सेल्सिअसला हवा सात-साडेसात टक्के विरळ होते, विरोध कमी होतो आणि गोळी थोडी वर लागते. ते बरोबर. पण नळीतून निघतानाचा वेग तुम्ही हिवाळ्यात टाकलेलाच राहतो. बहुतेक ॲपमध्ये पावडरच्या तापमानाचं वेगळं खातं असतं. ते उघडा, वरच्या चाचणीतला आकडा तिथे भरा आणि तापमान हवेचं नाही, काडतुसांच्या डब्यातलं टाका.

किती वर लागते?

भाच्याच्या वेगातल्या त्या ९५ फुटांच्या वाढीनं शंभर मीटरवर गोळी जेमतेम सहा मिलिमीटर वर लागते. म्हणजे शंभरावर कुणाला कळणारच नाही, ग्रुपमध्येच मुरून जातं. तीनशे मीटरला सहा सेंटिमीटर होतात. ३०० मीटरच्या टार्गेटवर एक वर्तुळ पाच सेंटिमीटरचं असतं, म्हणजे दहा हुकून नऊ. हजार यार्डाला तर नुसत्या ४० फुटांच्या फरकानंही गोळी फुटाहून जास्त सरकते. त्याला बोल्टनं आधी सांगितलं, टार्गेटनं नाही, कारण तो शंभरावरच मारत होता.

माझ्या पॉइंट टू टूचा हिशोब वेगळा निघाला आणि मला थोडी लाज वाटली. डिसेंबरात कोल्हापुरात सकाळी १५ आणि दुपारी २९. वेग ३२४ मीटरवरून ३२८. ५० मीटर जायला गोळीला साधारण ०.१६ सेकंद लागतो, तेवढ्यात ती साडेबारा सेंटिमीटर पडते. वेग सव्वा टक्का वाढला तर त्यातले तीन मिलिमीटर वाचतात. टार्गेटवर एक वर्तुळ आठ मिलिमीटरचं. मी मात्र दोन हिवाळे आठ मिलिमीटरचं खापर काडतुसांवर फोडत होतो. उरलेले पाच उजेडाचे होते. दुपारी पुढच्या रिंगचं माप एक नंबर मोठं घेतलं आणि साइटवर टोपीची सावली धरली, तेव्हा फरक तीन-चार मिलिमीटरवर आला. आता त्यासाठी दोन क्लिक पुरतात.

त्या तीन मिलिमीटरमध्येही एक चोर निघाला. थंडीत बोटं गारठतात म्हणून मी काडतुसांची पेटी जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवायचो. अंगाच्या उबेनं ती तिशीच्या वर जायची. पहिल्या सीरिजच्या गोळ्या उबदार, मग पेटी चटईवर आली की पुढच्या गार. सकाळी १५ अंशांत मी स्वतःच दुपार तयार करत होतो. आता पेटी पहिल्यापासून चटईवर, सावलीत.

काय बदलायचं

घरी भरणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं हे, की कमाल लोड थंडीत शोधू नका. ज्या उष्णतेत मारायची वेळ येणार आहे त्या उष्णतेत, खालून वर, दाबाच्या खुणा बघत या आणि पहिली खूण दिसायच्या आधी थांबा. थंडीत भरलाच असेल, तर उन्हाळ्यासाठी लोड कमी करून नव्यानं तपासा. पावडर बदलायची असेल तर तापमानाला कमी बधणाऱ्या पावडरी आहेत. हॉजडनची एक्स्ट्रीम मालिका, म्हणजे व्हारगेट, एच ४३५० वगैरे, त्यासाठीच ओळखली जाते आणि ती ऑस्ट्रेलियात बनते. सर्वसाधारणपणे गोल दाण्याच्या बॉल पावडरी जास्त बधतात, पण अपवाद आहेत. पावडर बदलली की लोड पहिल्यापासून, जुनं वजन नव्या पावडरला कधीही लावायचं नाही. पावडरचा डबा उघडा ठेवायची सवयही सोडा. कोरड्या हवेत ती आपली ओल गमावते आणि आणखी जोरात जळते, आपल्या पावसाळ्यात त्याच्या उलट. असं झालं की तापमानाची चाचणी भलतंच सांगते.

तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस घालून वाऱ्याची वाट बघत बसू नका. पंधरा-वीस गोळ्या झालेल्या मोठ्या रायफलमध्ये मिनिटभर थांबलेली गोळी डब्यातल्या गोळीपेक्षा जोरात जाते. वारा बघा, मग काडतूस घाला.

आपल्याकडच्या पोरांना आणखी एक. राष्ट्रीय स्पर्धा हिवाळ्यात दिल्लीला करणी सिंग रेंजवर असली, तर सकाळी आठ-दहा अंश असू शकतात. कोल्हापुरात मार्चच्या उकाड्यात निवडलेला लॉट तिथे तसाच वागेल हे गृहीत धरू नका. लॉट निवडायचा असेल तर डिसेंबरात, पहाटेच्या सेशनला निवडा. इथे १५ च्या खाली फारसं जात नाही, पण गार डबा आहेच.

भाच्याची ती सत्तेचाळीस काडतुसं? "थंडीत मारतो की" असं तो म्हणाला होता. थंडीत ती कदाचित चालली असती. पण डब्यावर तारीख नव्हती, वजन नव्हतं, काहीच नव्हतं, आणि पुढच्या मे महिन्यात तो डबा कपाटातून कुणाच्या हाताला लागेल ते कुणी सांगावं. दोन रविवार बसून त्यानं बुलेट ओढून काढणाऱ्या पुलरनं एकेक फोडली. बुलेट वेगळ्या, केस वेगळ्या, पावडर परत डब्यात न घालता टाकून दिली. नव्या डब्यावर आता मार्करनं लिहितो: पावडर, लॉट, वजन आणि शेवटी "९५ फॅ. ला तपासला". परवा फोटो आला, त्यात डब्याशेजारी एक गार पिशवी आणि तिच्यात थर्मामीटर. खाली लिहिलं होतं, "मामा, गाडीत ठेवला न्हाई."